ओढ्यातील सोन्याचा उगम : मद्रासच्या वेधशाळेपासून देवाल्यापर्यंत

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच तारखेला रामन परिणामाचा शोध लागला, आणि त्या निमित्ताने दरवर्षी आपण सारेच काही ना काही लिहितो. याच तारखेला, २००१ साली, कोलारच्या सोन्याच्या खाणी बंद झाल्या. माझ्यासारख्या कणभौतिकीच्या विद्यार्थ्यांना या खाणींचे नाव सोन्यामुळे ठाऊक नसते. १९६५ साली वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची पहिली चाहूल तेथील बोगद्यांत लागली, म्हणून ते पाठ असते. मी चेन्नईत संशोधनासाठी आले तेव्हा माझेही तसेच होते. पुढे एका जुन्या खांबापाशी उभी असताना या खाणींची सुरुवात कशी झाली हे शोधावेसे वाटले. त्या शोधातून जे हाती आले ते येथे मांडते. प्रश्न साधा आहे. ओढ्याच्या वाळूत सोन्याचा कण सापडला, तर तो ज्या खडकातून सुटला तिथपर्यंत कसे पोहोचायचे? आणि पोहोचल्यावर आपल्याला नेमके काय कळलेले असते?

तो खांब चेन्नईतील नुंगमबाक्कम येथे हवामान खात्याच्या आवारात आहे. १७९२ साली मायकेल टॉपिंग याने बांधलेल्या मद्रास वेधशाळेची दुर्बीण या अखंड ग्रॅनाइटच्या खांबावर बसविलेली होती. १८०५ ते १८११ या काळात या वेधशाळेचा कारभार जॉन वॉरन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याकडे होता. आयरिश वंशाच्या फ्रेंच घराण्यात इटलीतील लिव्होर्नो येथे १७६९ मध्ये जन्मलेला, इंग्रजांच्या ३३ व्या पलटणीत नोकरी केलेला आणि विल्यम लॅम्ब्टनच्या भूमापनात सहायक म्हणून राबलेला हा माणूस. १८०७ चा मोठा धूमकेतू त्याने येथून पाहिला आणि मद्रासचे रेखांश नव्याने काढले. १८२५ साली ‘कालसंकलित’ या नावाने त्याने भारतीय पंचांगपद्धतींवर ग्रंथ लिहिला. तिथी-वार जुळविण्याच्या खटपटीत पडलेल्या कोणालाही या गृहस्थाविषयी आपुलकी वाटावी असा तो आहे. पण आपल्या कथेतील वॉरन त्याआधीचा, १८०२ सालचा आहे.

टिपूच्या पाडावानंतर म्हैसूरचे राज्य पुन्हा वडियार घराण्याकडे आले होते आणि त्याच्या पूर्व सीमेची मोजणी वॉरनकडे होती. कोलारचा हा टापू मराठी वाचकाला अगदी परका नाही. शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीत कोलारचाही समावेश होता. इथल्या मातीत सोने सापडते अशी कुणकुण वॉरनच्या कानी आली. दाखवून देणाऱ्यास त्याने बक्षीस जाहीर केले, तेव्हा गावकऱ्यांनी बैलगाडीतून माती आणली आणि त्याच्यासमोर पाण्यात धुतली. तळाशी पिवळे कण राहिले. मग तो उरिगाम आणि मारिकुप्पम या गावांत स्वतः गेला. मारिकुप्पमला त्याने पाहिले ते नुसते माती धुणे नव्हते. परैयर समाजाचे लोक तीस-चाळीस फूट खोल विवरांत उतरून दगड फोडत, टोपल्या एका हातातून दुसऱ्या हातात देत वर पाठवीत. वर बायका ते दगड मोठ्या खडकावर कुटून भुकटी करीत आणि विहिरीवर नेऊन धूत. म्हणजे कणापासून खडकापर्यंतचा प्रवास या गावाने वॉरनच्या कितीतरी आधी पूर्ण केलेला होता. आपल्या पुस्तकांत ‘वॉरनने कोलारचे सोने शोधले’ असे वाक्य येते. वॉरनने ते लिहून काढले, हे अधिक खरे आहे. आणि लिहून काढणे ही लहान गोष्ट नाही, हेही तितकेच खरे.

त्याने एक अंकही दिला : साधारण ५६ किलो मातीतून एक ग्रेन सोने. एक ग्रेन म्हणजे आपल्या गुंजेच्या सुमारे निम्मे. आजच्या भाषेत टनामागे १.१६ ग्रॅम. एक तोळा सोने हवे तर दहा टन माती वाहून आणायची, कुटायची, धुवायची. हे काम उरिगामच्या बायका काय मिळते म्हणून करीत असतील, याचा हिशेब त्या आकड्यातच आहे.

आता मूळ रीतीकडे वळू. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, गारेची म्हणजे क्वार्ट्झची २.६५ पट. हवेत हे गुणोत्तर सात-सव्वासात भरते. पण धुणे पाण्यात चालते, आणि पाण्यात दोन्हींमधून पाण्याचा उत्प्लावक बल वजा होतो. १८.३ भागिले १.६५ केले की अकरा येतात. काठवटीसारख्या लाकडी खोलगट भांड्यात वाळू घेऊन पाण्याखाली गोल फिरवणारी बाई आर्किमिडीजचा हा फायदा रोज घेत असते. आधी माती वाहून जाते, मग पांढरी वाळू, शेवटी लोहचुंबकाला चिकटणारी काळी वाळू उरते आणि तिच्या काठाला, असेल तर, सोने.

ओढ्याच्या तोंडाशी कण मिळाले की वर सरकायचे. ठरावीक अंतरावर तेवढीच वाळू घ्यायची, तशीच धुवायची आणि कण मोजायचे. जिथे दोन ओढे मिळतात तिथे दोन्ही स्वतंत्र धुवायचे. ज्यात कण नाहीत तो सोडून द्यायचा. संख्या वाढत जाते, कण खरखरीत आणि टोकदार होत जातात, कधी एखाद्याला गारेचा तुकडा अजून चिकटलेला दिसतो. दूर वाहत गेलेला कण दगडांमध्ये ठेचून चपटा झालेला आणि कडांनी गुळगुळीत असतो. त्याच्या बाह्य थरातील चांदीही पाण्याने काही अंशी धुऊन नेलेली असते. एका जागी कण एकाएकी थांबतात. म्हणजे उगम मागे राहिला. मग ओढा सोडून दोन्ही बाजूंच्या उतारांवर चढायचे, तिथली माती धुवायची, आणि जिथे तीही रिकामी लागते त्याच्या किंचित खाली चर खणायचा. ऑस्ट्रेलिया-कॅलिफोर्नियात आज सुटीच्या दिवशी माणसे हौसेने परात घेऊन हेच करतात. आपल्याकडे ही हौस म्हणून कधी रुजली नाही. पोटापाण्याचा धंदा म्हणून मात्र ती फार जुनी आहे.

मराठीत तर तिला शब्दही आहे. सराफकट्ट्यावरची धूळ आणि गटारातील गाळ धुऊन सोन्याचांदीचे कण वेचणारा तो झारेकरी. त्याला उगमाचा शोध घ्यावा लागत नाही, दुकानाची पाटी वाचली की झाले! धारवाडकडे ओढ्यांतील सोने धुणाऱ्यांना जालगार म्हणत. गदगजवळच्या कप्पतगुड्डाच्या डोंगरातून निघणाऱ्या ओढ्यांत ते पावसाळ्यानंतर काम करीत. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने १८७४ साली या ओढ्यांवर लेख प्रसिद्ध केला. हा तोच फूट, ज्याला १८६३ मध्ये मद्रासजवळच्या पल्लावरम येथे अश्मयुगीन हत्यार सापडले होते. जालगारांच्या धुण्यावरून वेगवेगळ्या ओढ्यांची तुलना करून त्याने सोरटूरचा ओढा सर्वांत सकस ठरवला आणि ज्या खडकांच्या पट्ट्यातून तो येतो त्याच्याशी त्याची सांगड घातली. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथेही कंपन्या आल्या आणि काही वर्षांत उठून गेल्या. जवळचा शिरहट्टी तालुका तेव्हा पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होता. तिथल्या एका जुन्या खाणीचे नाव भूशास्त्राच्या कागदांत अजून ‘सांगली’ असेच आढळते.

परंतु या रीतीची खरी परीक्षा झाली ती निलगिरीच्या पश्चिम उतारावर, त्या वेळच्या आग्नेय वायनाडात. देवाला, पंडलूर, नाडुगाणी ही गावे आज तामिळनाडूत, निलगिरी जिल्ह्यात आहेत. इथल्या ओढ्यांतून पणियर आणि कुरुंबर लोक पिढ्यान्‌पिढ्या सोने धूत, आणि कुरुंबरांनी डोंगरात खोदलेली जुनी विवरे जागोजागी होती. १८७५ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम किंगने या क्षेत्रावर प्राथमिक टिपण लिहिले. त्यानंतर सरकारने ऑस्ट्रेलियातून रॉबर्ट ब्रो स्मिथ याला बोलावले. व्हिक्टोरियाच्या सोनेक्षेत्रांवर मोठा ग्रंथ लिहिलेला, तिथल्या खाणखात्याचा माजी सचिव. त्याचा १८८० चा अहवाल उत्साहवर्धक होता. गारेच्या शिरा भरपूर, त्यांत सोने आहे, ओढ्यांत सोने आहे, जुनी विवरे आहेत. यातील एकही विधान खोटे नव्हते.

पुढचे लंडनच्या शेअरबाजारात घडले. तीसहून अधिक कंपन्या निघाल्या. त्यांचे नाममात्र भांडवल चाळीस-पन्नास लाख पौंडांच्या घरात होते. वायनाडच्या कॉफीवर त्या वर्षांत तांबेऱ्याचा रोग पडलेला होता आणि मळेवाले कर्जात बुडत होते. ज्या मळ्यातून गारेची एखादी शीर जाते तो मळा आता कॉफीच्या भावाने नव्हे, सोन्याच्या भावाने विकला जाऊ लागला. भांडवलाचा मोठा हिस्सा असा जमीन विकत घेण्यातच गेला. उरलेल्या पैशांतून खडक फोडण्याची अवजड यंत्रे घाट चढवून आणली गेली. काही तर पुरती उभीही राहिली नाहीत. दोन-तीन वर्षांत बहुतेक सगळे बंद पडले. १९०१ मध्ये हेडन आणि हॅच यांनी भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी हे क्षेत्र पद्धतशीर तपासले, तेव्हा नमुन्यांतील सोन्याचे प्रमाण पाहून त्यांना फारशी आशा बाळगता आली नाही.

या फसवणुकीत लबाडीचा वाटा होताच. मला मात्र त्यातील प्रामाणिक चूक अधिक शिकण्यासारखी वाटते, कारण ती आपण प्रयोगशाळेतही करतो.

एक सोपा हिशेब करू. आकडे माझे, केवळ समजण्यासाठी घेतलेले. समजा डोंगरात एक किलोमीटर लांब, एक मीटर रुंद अशी गारेची शीर आहे आणि तिच्यात टनामागे फक्त एक ग्रॅम सोने आहे, म्हणजे खाणीच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी. समजा पावसाने हा डोंगर दहा लाख वर्षांत पन्नास मीटर झिजतो. मग शिरेचा पन्नास हजार घनमीटर भाग, म्हणजे सुमारे एक लाख बत्तीस हजार टन खडक, मोडून वाहून गेला. गार आणि माती समुद्रापर्यंत जाते. सोने जड म्हणून बरेचसे जवळच राहते. ओढ्याच्या वाट्याला एकशे बत्तीस किलो सोने आले! ज्या शिरेतून एक टन खडक फोडला तर एक ग्रॅम मिळेल, तिच्या पायथ्याच्या ओढ्यात काठवट बुडवली की कण दिसतात. ओढ्याने लाखो वर्षांची मजुरी फुकट केलेली आहे. आपण पाहतो ते प्रवाहाचे काळावरचे संकलन. शिरेची आजची श्रीमंती त्यावरून काढता येत नाही. ओढा ‘कुठे’ हे बऱ्यापैकी सांगतो, ‘किती’ हे सांगत नाही.

शिरेच्या माथ्यावरही हाच खेळ चालतो. देवाल्याचा पाऊस तामिळनाडूतील सर्वांत जोरदार पावसांपैकी आहे. त्याने वरचा खडक कुजतो, त्यातील पायराइट गंजून निघून जाते आणि त्यात अडकलेले सोने मोकळे होऊन तिथेच साठते. त्यामुळे पृष्ठभागाजवळ घेतलेला नमुना नेहमी खुशखबर देतो. खाली गेले की सोने पुन्हा पायराइटमध्ये कैद असते, आणि त्या काळची पाऱ्याने सोने पकडण्याची रीत त्याच्यापुढे लंगडी पडे. सायनाइडने सोने विरघळवून काढण्याची कृती स्कॉटलंडमध्ये १८८७ साली निघाली. वायनाडच्या कंपन्यांना ती उपयोगी पडली असती का, हा प्रश्न इतिहासात नेहमी विचारला जातो. शिरा मुळातच गरीब होत्या हे लक्षात घेता मला त्यात दम वाटत नाही.

जुन्या विवरांचा अर्थ लावतानाही असेच झाले. ‘इथले लोक अमुक खोलीवर थांबले, कारण त्यांच्याकडे पंप आणि सुरुंग नव्हते, आम्ही त्याच्या खाली जाऊ’ असा तर्क कंपन्यांनी केला. ते लोक थांबले कारण पुढे खोदणे परवडत नव्हते, ही शक्यता कोणी फारशी मनावर घेतली नाही. दिवसभर खोदून किती मिळते हे रोज संध्याकाळी तोलून पाहणारा माणूस मोजमापात कमी नसतो.

इथे माझ्या युक्तिवादाला छेद देणारी गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती कोलारची आहे. वॉरनचा जुना वृत्तान्त १८३४ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात पुन्हा छापला गेला होता. न्यूझीलंडच्या लढायांतून परतलेला मायकेल लॅव्हेल हा आयरिश शिपाई बंगळूरला राहत होता. त्याने वॉरनचे लेखन वाचले, १८७१ साली बैलगाडीने कोलार गाठले आणि गावागावांतून जुन्या विवरांच्या खुणा टिपल्या. १८७५ मध्ये त्याला वीस वर्षांचा पट्टा मिळाला. पैसा अपुरा पडला म्हणून त्याने हक्क विकले, आणि १८८० मध्ये जॉन टेलर आणि मंडळींनी येथील कामे हाती घेतली. पहिली काही वर्षे वायनाडसारखीच गेली. भागधारक गाशा गुंडाळा म्हणू लागले होते. उरल्यासुरल्या पैशांत कॅप्टन प्लमर याने जुन्या विवरांच्या खाली खोदकाम चालू ठेवले, तेव्हा १८८० च्या दशकाच्या मध्यास चॅम्पियन शीर लागली. सुरुवातीच्या काळात टनामागे सुमारे ४७ ग्रॅम, बंद होताना ३ च्या आसपास. मधल्या सुमारे १२० वर्षांत ८०० टनांहून अधिक सोने. ‘जुन्या लोकांच्या खाली जाऊ’ हा तर्क वायनाडात बुडाला आणि कोलारात तरला. वरून पाहता दोन्ही ठिकाणची लक्षणे सारखीच होती. फरक कळला तो खाली उतरल्यावर.

त्याच खाली उतरण्याने भौतिकीला जागा दिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १९६० च्या सुमारास कोलारच्या निरनिराळ्या खोलींवर वैश्विक किरणांतील म्युऑन मोजले. जितके खोल जावे तितकी संख्या घटत गेली आणि सर्वांत खोल जागी नोंदच थांबली. ओढ्यात कण थांबतात तेव्हा उगम मागे पडलेला असतो. इथे कण थांबले तेव्हा आकाशातून सरळ येणारा आवाज बंद झाला होता आणि त्या शांततेत न्यूट्रिनोंची वाट पाहणे शक्य होते. १९६५ मध्ये सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, मुंबई, ओसाका आणि डरहॅम येथील गटांनी मिळून त्यांची नोंद केली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत फ्रेडरिक राइन्सच्या गटानेही ती केली, तीही सोन्याच्याच खाणीत. न्यूट्रिनोंना सोन्याशी काही देणेघेणे नाही. एवढे खोल खणायला माणसाला दुसऱ्या कशाने प्रवृत्त केले नव्हते, इतकेच.

मारिकुप्पमला आज रेल्वेस्थानक आहे. खाणकामगारांची पुढची पिढी तिथून रोज पहाटे गाडीने बंगळूरला कामाला जाते. सायनाइडने धुतलेल्या भुकटीच्या टेकड्या वसाहतींना लागून उभ्या आहेत आणि कोरड्या वाऱ्यात त्यांची धूळ घराघरांत जाते. देवाल्याची कथा अजून मिटलेली नाही. जुन्या बोगद्यांत चोरून सोने खणणारी माणसे दरड कोसळून आत गाडली गेल्याच्या बातम्या तिथून अधूनमधून येत असतात. परवान्याशिवाय खणणे गुन्हा आहे आणि ते बोगदे सापळे आहेत, म्हणून ही हकीकत वाचून कोणी तिकडे फावडे घेऊन जाऊ नये.

मी गेले होते ते नुसते पाहायला, पावसाळा संपल्यावर. रस्त्याकडेच्या ओढ्यातली एक ताटलीभर वाळू हातात घेऊन, घनतेचे सगळे गणित पाठ असूनही, अर्धा तास ती फिरवत बसले आणि हाती काही लागले नाही. वरच्या चहाच्या मळ्यातून घरी निघालेल्या एक वयस्क बाई थांबल्या. श्रीलंकेतून परत आणलेल्या तमिळ मळेकामगारांपैकी त्यांचे कुटुंब. ओढा धुणे त्यांनी शेजाऱ्यांकडून पाहिलेले. ‘अंगे इल्ले मा, इंगे,’ म्हणाल्या, तिथे नाही, इथे. आणि वळणाच्या आतल्या अंगाला, जिथे पाण्याचा वेग मंदावतो, तिथल्या एका मोठ्या धोंड्याची मागची बाजू त्यांनी पायाने दाखवली. मी जागा बदलली. तळाशी काळी वाळू आली, आणि तिच्या काठावर डोळे ताणून पाहावे असा एक ठिपका. बाईंनी वाकून पाहिले, मान हलवली आणि ताटली पाण्यात पालथी करायला सांगितली.